पिकअप ट्रक आणि पॉप-अप कॅम्पर : अलास्कापर्यंतच्या स्वयंपूर्ण प्रवासासाठी गाडीची तयारी

उत्तरवाट

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही उभयतांनी डेन्व्हरहून निघून मोंटाना आणि आल्बर्टामार्गे डॉसन क्रीक गाठायचे, तेथून अलास्का महामार्गाने फेअरबँक्सपर्यंत जायचे, डाल्टन महामार्गावर जमेल तितके उत्तरेकडे जायचे आणि परतताना युकॉनमधील डेम्प्स्टर रस्त्याने टुक्टोयाक्टुकला आर्क्टिक महासागराच्या काठी पोहोचायचे, असे ठरवले आहे. वीज आणि पाण्याची जोडणी असलेल्या कॅम्पग्राउंडवर अवलंबून न राहता एका वेळी आठवडाभर स्वतःच्या सामग्रीवर राहता यावे, ही आमची मुख्य अपेक्षा आहे.

आमच्याकडे साडेसहा फुटी हौद्याचा हाफ-टन, म्हणजे हलक्या भारवर्गातला, पिकअप आहे. त्याच्या हौद्यात बसणारा, छत वर उचलले की कापडी भिंती उघडणारा पॉप-अप कॅम्पर घेण्याचा विचार आहे, कारण बंद छतामुळे वाऱ्याचा विरोध कमी होतो आणि अरुंद रस्त्यावर गाडी नेता येते. ३०० वॅटचे सौर पॅनल, दोन लिथियम बॅटऱ्या, २,००० वॅटचा इन्व्हर्टर, इंडक्शन शेगडी, कॉम्प्रेसरचा फ्रीज, डिझेल हीटर, दुसरी स्टेपनी आणि पेट्रोलचे दोन कॅन अशी यादी सध्या तयार आहे. यांतील कोणत्या गोष्टी आधी घ्याव्यात आणि कोणत्या वगळाव्यात, याबद्दल ज्यांनी अशा गाड्या बांधल्या किंवा वापरल्या आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

वजनकाटा

यादीकडे वळण्यापूर्वी ट्रकचा चालकाकडील दरवाजा उघडून चौकटीवरचा पिवळा कागद वाचावा. प्रवासी आणि सामान यांचे एकत्रित वजन किती किलो किंवा किती पौंडांपेक्षा अधिक असू नये, हे त्यावर तुमच्या विशिष्ट गाडीसाठी छापलेले असते. जाहिरातीत दिसणारा भारक्षमतेचा आकडा हा त्या मॉडेलच्या सर्वांत हलक्या प्रकाराचा असतो आणि तो तुमच्या गाडीला लागू पडेलच असे नाही. सनरूफ, चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा, मोठी केबिन यांपैकी प्रत्येक सोय या आकड्यातून वजा झालेली असते.

उदाहरणार्थ, हाफ-टन गाडीच्या कागदावर १,६८० पौंड, म्हणजे सुमारे ७६२ किलो लिहिले आहे असे धरू. पूर्ण भरलेली पेट्रोलची टाकी त्यात आधीच हिशोबात धरलेली असते, परंतु माणसे धरलेली नसतात. आता बेरीज करून पाहा. माहितीपत्रकातील वजनाप्रमाणे रिकामा कॅम्पर ५२२ किलो, दोन माणसे १३६ किलो, २० गॅलनच्या टाकीतील पाणी ७६ किलो, प्रोपेनचे दोन भरलेले छोटे सिलिंडर २२ किलो, बॅटऱ्या, पॅनल आणि तारा ४० किलो, दुसरी स्टेपनी ४० किलो, शिधा आणि भांडी ४० किलो, कपडे आणि अंथरूण ३० किलो, अवजारे आणि हवा भरण्याचा पंप २५ किलो. ही बेरीज ९३१ किलो होते, म्हणजे मर्यादेपेक्षा १६९ किलो अधिक, आणि यात खुर्च्या, छत्रीसारखा उघडणारा मांडव किंवा पेट्रोलचे कॅन अजून आलेलेच नाहीत. शिवाय माहितीपत्रकातील वजन बहुधा फ्रीज, बॅटरी आणि मांडव न बसवलेल्या कॅम्परचे असते.

त्यामुळे माझ्या दृष्टीने या सगळ्या तयारीतील पहिला आणि सर्वांत मोठा निर्णय विजेचा नसून ट्रकचा आहे. एकतर अंतर्गत फर्निचर नसलेला, नुसत्या कवचाच्या स्वरूपात मिळणारा कॅम्पर घ्यावा, किंवा एक भारवर्ग वरचा, थ्री-क्वार्टर-टन ट्रक घ्यावा. दुसरा पर्याय निवडल्यास पेट्रोल इंजिनाचा विचार गांभीर्याने करावा, कारण डिझेल इंजिन बरेच जड असल्याने त्याच ट्रकची उरलेली भारक्षमता कित्येक शे पौंडांनी घटते. सामान भरल्यावर महामार्गालगतच्या ट्रक-थांब्यावरील काट्यावर गाडी चढवावी. तेथे पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचे वजन वेगवेगळे मिळते, आणि मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा एकूण मर्यादेच्या आधीच ओलांडली गेलेली अनेकदा आढळते.

सह्यकडा

मागच्या पाट्यांना हवेच्या पिशव्या किंवा जादा पाटे जोडले, तर हा प्रश्न सुटत नाही का? अनेक जण हाफ-टन गाडीवर तसेच करतात आणि गाडी सरळ उभी राहते.

वजनकाटा

गाडी सरळ उभी राहते हे खरे आहे, आणि हेडलाइट समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांत जात नाहीत हा त्याचा प्रत्यक्ष फायदाही आहे. परंतु भारक्षमता ही केवळ पाट्यांची नसते. अ‍ॅक्सल, चाकांचे बेअरिंग, ब्रेक, रिम, टायर आणि सांगाडा यांपैकी जो भाग सर्वांत आधी हार मानेल त्यावर ती ठरते. हवेच्या पिशव्यांनी यांपैकी एकही भाग मजबूत होत नाही, आणि निर्मात्याने छापलेला आकडाही बदलत नाही. रॉकी पर्वतातील लांब उतारावर वाढीव वजनाचा सगळा ताण ब्रेकवर येतो, त्या वेळी गाडी सरळ दिसते की नाही याला काहीही महत्त्व उरत नाही. मर्यादेच्या आत असलेली गाडी अधिक स्थिर करण्यासाठी या पिशव्या अवश्य वापराव्यात, मर्यादा ओलांडण्याचा परवाना म्हणून मात्र कधीही वापरू नयेत.

बाराव्होल्ट

विजेच्या यादीबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण येथे पैसा आणि वजन दोन्ही अकारण वाढताना मी पाहत आलो आहे.

आधी दिवसाचा खर्च मांडावा. कॉम्प्रेसरचा १२ व्होल्टचा फ्रीज चालू असताना साधारण ४५ वॅट घेतो, पण तो सतत चालत नाही, त्यामुळे मध्यम हवामानात दिवसाला ४०० ते ५०० वॅट-तास धरावेत. छतावरचा पंखा, एलईडी दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा, दोन फोन आणि एक लॅपटॉप हे सारे मिळून आणखी तेवढेच धरले, तर ९०० वॅट-तासांच्या आसपास आकडा येतो. १०० अँपिअर-तासांच्या एका लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १,२८० वॅट-तास मावतात आणि त्यांतील बहुतेक सगळे वापरता येतात. त्याच क्षमतेच्या शिसे-आम्ल बॅटरीतून निम्म्याच्या खाली उतरले की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, आणि तिचे वजनही दुपटीहून अधिक असते. वजनाचा प्रश्न इतका तीव्र असताना लिथियमला पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे.

मात्र या बॅटरीचे तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या खाली गेलेले असताना ती चार्ज करता कामा नये, कारण त्या स्थितीत आतल्या इलेक्ट्रोडवर धातुरूप लिथियम साचून तिची कायमची हानी होते. थंडीत चार्जिंग आपोआप थांबवणारी बॅटरीच घ्यावी आणि ती इंजिनाजवळ किंवा हौद्यात उघड्यावर न ठेवता कॅम्परच्या आत, जेथे रात्री हीटरची ऊब पोहोचते, तेथे बसवावी.

आता चार्जिंगचे पाहू. फेअरबँक्सला जून महिन्यात दिवस अतिशय मोठा असतो म्हणून भरपूर सौर वीज मिळेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तेथे भर उन्हाळ्यातही दुपारचा सूर्य क्षितिजापासून ४९ अंशांच्या वर जात नाही, तर डेन्व्हरला तो जवळजवळ ७४ अंशांपर्यंत जातो. छतावर आडवे बसवलेले पॅनल तिरप्या उन्हात बरीच क्षमता गमावते, आणि मुक्काम स्प्रूसच्या झाडीत असला किंवा वणव्याचा धूर पसरला असला तर मिळकत आणखी खाली येते. याउलट, इंजिनापासून ३० अँपिअरने चार्ज करणारा डीसी-टू-डीसी चार्जर दोन तास गाडी चालवली की ७५० वॅट-तासांहून अधिक वीज बॅटरीत भरतो. तुम्ही जवळजवळ दररोज गाडी चालवणार आहात, त्यामुळे आधी हा चार्जर घ्यावा आणि सौर पॅनल १५० ते २०० वॅटचे एकच ठेवावे. बॅटरी अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनित्राला, थेट जोडू नये. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढत राहते आणि अल्टरनेटर तापून जळू शकतो, शिवाय नव्या गाड्यांतील अल्टरनेटर पेट्रोल वाचवण्यासाठी व्होल्टेज मध्येच खाली आणतात.

इंडक्शन शेगडी मात्र वगळावी, असे मी आग्रहाने सांगेन. १,५०० वॅटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे १३० अँपिअर ओढते. तेवढ्यासाठी अंगठ्याएवढ्या जाडीच्या तारा, मोठा इन्व्हर्टर आणि दुसरी बॅटरी हे सगळे येते, आणि एका जेवणात दिवसभराच्या फ्रीजइतकी वीज संपते. इन्व्हर्टर घ्यायचाच असेल तर लॅपटॉपपुरता ३०० वॅटचा पुरेसा आहे. प्रत्येक जाड तारेला बॅटरीपासून शक्य तितक्या जवळ फ्यूज असावा. लिथियम बॅटरीत शॉर्ट झाल्यास प्रचंड करंट वाहतो, म्हणून मुख्य जागी तेवढा करंट सुरक्षितपणे तोडणारा क्लास-टी फ्यूज बसवणे योग्य ठरते.

रेवदंडा_ते_रेनो

सौर पॅनलबद्दल बाराव्होल्ट यांच्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. नेवाडा आणि युटाच्या वाळवंटात सरकारी मोकळ्या जमिनीवर एकाच जागी साधारण चौदा दिवसांपर्यंत राहता येते, आणि आमच्यासारखे लोक तेथे गाडी न हलवता राहतात. तेव्हा इंजिनावरचा चार्जर निरुपयोगी असतो आणि ३०० वॅटचे पॅनलच आम्हाला तारून नेते. ही गाडी अलास्कानंतरही वापरायची असेल, तर तारा आणि कंट्रोलर आताच थोड्या मोठ्या क्षमतेचे घ्यावेत, आणि छतावरचे पॅनल लहान ठेवून एक सुटे, घडी घालता येणारे पॅनल उन्हात मांडता येईल असे जवळ बाळगावे. पॉप-अपच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. छतावर ठेवलेला प्रत्येक किलो तुम्हाला मुक्कामाच्या ठिकाणी खांद्यांनी वर ढकलावा लागतो. पॅनल, मांडव आणि पंखा बसवल्यावर छत उचलायला मदत करणारे मूळचे गॅस-स्ट्रट (वायुदाबाचे दांडे) कमी पडतात आणि अधिक ताकदीचे बसवावे लागतात.

बाराव्होल्ट

ज्यांचा मुक्काम लांब असतो त्यांच्यासाठी हे अगदी योग्य आहे, आणि सुटे पॅनल सावलीत गाडी उभी करू देते हा मुद्दा मी लिहायला हवा होता.

भाजणी_आणि_मेतकूट

स्वयंपाकाबद्दल कोणी फारसे लिहिले नाही, म्हणून थोडे लिहिते. प्रोपेनची दोन बर्नरची शेगडी आणि तीन लिटरचा प्रेशर कुकर ही जोडी लांबच्या प्रवासात सर्वांत काटकसरीची ठरते. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळत असल्यामुळे उघड्या भांड्यात तूरडाळ शिजता शिजत नाही आणि गॅस मात्र संपत राहतो. कुकरमध्ये डाळ-भात एकाच वेळी होतो आणि भांडीही कमी लागतात, म्हणजे ती धुण्याचे पाणी वाचते. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, बेसन, पोहे, मुगाची डाळ आणि तांदूळ हा शिधा हलका आहे आणि त्याला फ्रीज लागत नाही, त्यामुळे लहान फ्रीज पुरतो.

मात्र कॅम्परच्या आत शेगडी पेटवताना खिडकी आणि छतावरचा पंखा उघडा असलाच पाहिजे. एक किलो प्रोपेन जळाले की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने हवेत येते. त्यात कुकरची वाफ आणि दोन माणसांचा रात्रभराचा श्वास मिळवला, तर सकाळी कापडी भिंतींवरून पाण्याचे ओघळ वाहतात आणि गादीच्या खालची बाजू ओली होते. भिंतींना आतून लावायचे उष्णतारोधक अस्तर घ्यावे, गादीखाली हवा खेळती राहील अशी जाळी घालावी, आणि पाऊस नसेल तेव्हा स्वयंपाक बाहेरच करावा. चिमणी नसलेला गॅस हीटर याच कारणासाठी नको. डिझेल हीटरचा धूर बाहेर जातो आणि आत कोरडी ऊब मिळते, परंतु सुमारे दीड हजार मीटरच्या वर हवा विरळ होऊन त्यात काजळी धरते, म्हणून उंचीनुसार जुळवून घेणारा प्रकार घ्यावा. कार्बन मोनॉक्साइडचा गजर आणि गॅसगळतीचा गजर हे दोन्ही आवश्यक आहेत. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळतीचा गजर जमिनीलगत बसवतात.

मुळामुठा

मी पुण्याहून वाचत आहे आणि येथे पिकअपच्या हौद्यावर असेच काही बांधून स्पितीला जाण्याचा विचार करत आहे. तिकडच्या थंडीत प्रोपेन चालतो, तर आपल्याकडचा घरगुती गॅस कितपत चालेल?

भाजणी_आणि_मेतकूट

प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश सेल्सिअस आहे, त्यामुळे युकॉनच्या थंडीतही सिलिंडरमध्ये पुरेसा दाब राहतो. भारतातील एलपीजीत ब्युटेनचे प्रमाण बरेच असते आणि ब्युटेन शून्याच्या जवळच द्रवरूपात बसून राहतो. थंडीत शेगडीची ज्योत मंदावते ती त्यामुळेच. स्पितीसाठी सिलिंडर रात्री गारठणार नाही अशी, पण झोपण्याच्या जागेपासून हवाबंद वेगळी आणि तळाशी बाहेर उघडणारी वायुवीजनाची झडप असलेली पेटी करावी लागेल. शिवाय नोंदणीकृत वाहनात बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधने आहेत, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आरटीओकडे चौकशी करावी.

डॉसनची_धूळ

मी युकॉनमध्ये राहतो, म्हणून रस्त्यांबद्दल लिहितो.

अलास्का महामार्ग आज संपूर्ण डांबरी आहे, तरी डिस्ट्रक्शन बे ते बीव्हर क्रीक या टप्प्यात खालची गोठलेली जमीन वितळून आणि फुगून रस्ता लाटांसारखा वरखाली झालेला असतो. वेग कमी केला नाही तर कॅम्पर हौद्यात अक्षरशः उडतो. कॅम्परला हौद्याशी आवळून धरणारे टर्नबकल निघाल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरांत एकदा आणि त्यानंतर दररोज सकाळी तपासावेत. खाली जाड रबरी चटई टाकली की कॅम्पर सरकत नाही.

डाल्टनवर कोल्डफूटनंतर रस्त्याच्या शेवटी असलेल्या डेडहॉर्सपर्यंत ३८६ किलोमीटर पेट्रोल मिळत नाही, आणि डेम्प्स्टरवर क्लोंडाइक महामार्गाच्या फाट्यापासून ईगल प्लेन्सपर्यंत ३६९ किलोमीटर मिळत नाही. कॅम्परसह लिटरला साडेपाच किलोमीटर पडतात असे धरले, तर सुमारे ७० लिटर पेट्रोल लागते. तुमची टाकी ९८ लिटरची असेल तर दोन कॅन नेण्याची गरज नाही. एक पुरेसा आहे, आणि तोही डेम्प्स्टरच्या फाट्याजवळील डॉसन सिटी किंवा कोल्डफूटला पोहोचेपर्यंत रिकामाच न्यावा.

खरा खर्च टायरवर करावा. डेम्प्स्टरची खडी धारदार दगडाची आहे आणि ती टायरची बाजूची भिंत कापते, जी पंक्चरच्या दोरीने बुजत नाही. जाड भिंतीचे, लोड रेंज ई या जास्त भार पेलणाऱ्या प्रतीचे टायर आणि खऱ्या आकाराच्या दोन स्टेपन्या असाव्यात. खडीच्या रस्त्यावर हवा थोडी कमी करावी, परंतु किती कमी करायची हे काट्यावर मिळालेले अ‍ॅक्सलचे वजन आणि टायर-निर्मात्याचा तक्ता पाहूनच ठरवावे. दोन्ही रस्त्यांवर धूळ बसवण्यासाठी कॅल्शियम क्लोराइड टाकतात. ते गाडीच्या तळाला चिकटून गंज धरवते, म्हणून पहिल्या संधीला तळ धुवावा.

आर्क्टिक महासागर स्वतःच्या गाडीने गाठायचा असेल तर डाल्टनऐवजी डेम्प्स्टरला प्राधान्य द्यावे. डेडहॉर्सनंतरचा भाग तेलक्षेत्रात येतो आणि तेथे आधी नोंदणी करून अधिकृत बसनेच जावे लागते. डेम्प्स्टर जेथे संपतो त्या इनुविकपासून टुक्टोयाक्टुकपर्यंतचा बारमाही रस्ता मात्र नोव्हेंबर २०१७ मध्ये खुला झाला आहे. डेम्प्स्टरवर पील आणि मॅकेंझी या नद्या गाड्या वाहणाऱ्या तराफ्याने ओलांडाव्या लागतात.

सह्यकडा

पाण्याचे काय? आठवडाभर राहायचे तर ७५ लिटरची टाकी पुरेल का?

रेवदंडा_ते_रेनो

दोघांना पिणे, स्वयंपाक आणि भांडी यांसाठी काटकसरीने दिवसाला नऊ लिटर धरले, तर आठ दिवस पुरते. अंघोळ यात नाही. माझ्या मते स्वयंपूर्णतेची खरी सीमा येथेच आहे. वीज रोज नव्याने मिळवता येते, पाणी मात्र वाहूनच न्यावे लागते आणि त्याच्या प्रत्येक लिटरचे वजन एक किलो असते. उत्तरेत ओढे भरपूर असल्याने जिआर्डियासारखे परजीवी अडवणारा सूक्ष्म छिद्रांचा फिल्टर जवळ ठेवावा, पण जुन्या खाणींच्या परिसरातील पाणी घेऊ नये, कारण त्यातील विरघळलेले धातू अशा फिल्टरने निघत नाहीत. भांडी धुतलेले पाणी डब्यात साठवून नेमून दिलेल्या जागीच ओतावे.

अस्वलांबद्दलही एक महत्त्वाची सूचना करतो. कापडी भिंतींमुळे पॉप-अप कॅम्परला काही ठिकाणी तंबूप्रमाणेच धरले जाते. यलोस्टोनमधील फिशिंग ब्रिज येथे फक्त कठीण भिंतींच्या गाड्यांना प्रवेश आहे, आणि बॅन्फमधील लेक लुईस येथे कापडी निवाऱ्यांसाठी विजेच्या कुंपणाने वेढलेला स्वतंत्र भाग आहे. मोंटानामार्गे जाणार असाल तर मुक्काम ठरवताना हे नियम आधी वाचावेत, आणि शिधा नेहमी ट्रकच्या केबिनमध्ये बंद करून ठेवावा.

उत्तरवाट

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या ट्रकचा पिवळा कागद वाचला, त्यावरचा आकडा वजनकाटा यांच्या उदाहरणाहूनही कमी निघाला. त्यामुळे हाफ-टन विकून सुमारे १,३६० किलो भारक्षमता असलेला, पेट्रोल इंजिनाचा वापरलेला थ्री-क्वार्टर-टन ट्रक घेण्याचे आम्ही निश्चित केले आहे. इंडक्शन, मोठा इन्व्हर्टर आणि एक पेट्रोल कॅन यादीतून काढले. इंजिनावरचा चार्जर, १६० वॅटचे एक पॅनल आणि एक सुटे पॅनल घेणार आहोत. वाचलेली रक्कम टायरवर खर्च होईल.

एक प्रश्न उरतो. दुसरी स्टेपनी मागच्या बंपरवर बिजागरीच्या हाताला टांगावी, असे विक्रेत्याने सुचवले आहे. ते योग्य ठरेल का?

वजनकाटा

शक्यतो टाळावे. रिमसह ४० किलोची स्टेपनी मागच्या अ‍ॅक्सलच्या दीड मीटर मागे टांगली आणि दोन अ‍ॅक्सलमधले अंतर ३.६ मीटर असले, तर तरफेच्या नियमाने मागच्या अ‍ॅक्सलवर सुमारे ५७ किलो भार वाढतो आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरून १७ किलो उचलला जातो. कॅम्परमुळे मागची बाजू आधीच जड असते, आणि खडीवर स्टिअरिंगची पकड पुढच्या चाकांवरच्या वजनावर अवलंबून असते. प्रवासात ती कॅम्परच्या आत, पुढच्या भिंतीला टेकून जमिनीवर ठेवावी, दोन पट्ट्यांनी हौद्याच्या कड्यांशी घट्ट बांधावी आणि मुक्कामाला ट्रकखाली सरकवावी. काट्यावर जाल तेव्हा पाण्याची टाकी पूर्ण भरून जा आणि दोन्ही अ‍ॅक्सलचे आकडे येथे लिहा, म्हणजे टायरमधल्या हवेचा हिशोब त्यावरून करता येईल.